मदत हवी: लातूरहून सकाळी निघून दिवेलागणीला परत. सोबत दुखरे गुडघे आणि दोन पोरं

नमस्कार मंडळी,

राहणार लातूर. गाडी जुनी, छोटी, आणि चालवणारी मी. लायसन काढून दोन वर्षं झाली, पण धाव आपली घर ते शाळा ते गंजगोलाई. औशाच्या पुढं एकटीनं स्टेअरिंग धरलेलं नाही. नवऱ्याची ड्युटी नेमकी रविवारीच असते, त्याच्या सुट्टीची वाट बघत बसले तर पोरं लग्नाला येतील.

सोबत सासूबाई. वय ७१, दोन्ही गुडघे गेलेले. सपाटीवर माझ्या पुढं चालतात, पायऱ्या दिसल्या की मात्र पहिल्याच पायरीवर बसकण मारतात. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६.

आमच्याकडं फिरणं म्हणजे देवदर्शन. तुळजापूर झालं, परळी झालं, अंबाजोगाईची योगेश्वरी तर दोनदा झाली. रांगेत उभं राहायचं, प्रसाद घ्यायचा, घरी यायचं. मुलगी म्हणायली, "आई, यावेळी चपला काढाव्या लागणार नाहीत अशा ठिकाणी जाऊ." सासूबाईंचं म्हणणं, देव नाही तिथं पेट्रोल कशाला जाळायचं.

उन्हाळ्यात एका धरणावर गेलो होतो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, सगळं बांधून. तिथं गेट बंद. बाभळीखाली गाडी लावून आतच बसून खाल्लं आणि दह्याचा डबा मुलाच्या मांडीवर पालथा झाला. तो वास मागच्या सीटमधून अजून गेलेला नाही. म्हणून यावेळी आधी विचारून घेते.

माझ्या डोक्यात नळदुर्ग किंवा खरोसा आहे. कुठं जाऊ? श्रावण चालू आहे, गर्दी नको. आणि रस्त्याचंही सांगा, घाट चढवायची माझी तयारी नाही.

अणदूरकर: ताई, नळदुर्ग आमच्या दारातला, त्यामुळं खरं तेच सांगतो. औशापासून तुळजापूरपर्यंत चौपदरी आहे, पुढंही मोठाच रस्ता. गाडीचं टेन्शन नाही. टेन्शन आहे ते किल्ल्यात. किल्ला अवाढव्य, आत चालून चालून माणूस थकतो. बघायचा तो पाणी महाल. बोरी नदी बांध घालून अडवली आणि त्या बांधाच्या पोटातच महाल काढला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली. बांध भरून वाहायला लागला की नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, तेव्हा महालात उभं राहून समोरून पाणी कोसळताना बघायचं. पण बांध भरला तरच. नुसत्या कोरड्या भिंती बघायला गुडघेवाल्या माणसाला एवढं लांब आणू नका. आत उतरायच्या पायऱ्याही अरुंद आणि ओल्या.

पाचवा_पेपर: लातूरला यायचं ते ट्यूशनला. फिरायला कोण येतं.

निलंगा_फाटा: खरोशाला जाऊन या की. जवळ आहे. जांभ्या दगडातली लेणी, मूर्ती बऱ्याच झिजल्यात. मात्र डोंगराची चढण आलीच. त्यापेक्षा पुढं निलंग्याला नीलकंठेश्वर बघा, एका मंडपाला तीन गाभारे. चपला काढाव्या लागतील हे आलंच.

मुरूडकर: मी सांगतो, तेरला जा. लातूर, मुरूड, ढोकी आणि तिथून तेर. रस्ता सपाट, घाटाचं नाव नको. तुमच्या घरातलं भांडण तिथं आपोआप मिटतं. सासूबाईंना तेरणेकाठी गोरोबाकाकांची समाधी, मुलीला वस्तुसंग्रहालय.

आज खेडं दिसतं, पण हे जुनं तगर, त्या काळचं व्यापारी शहर. पहिल्या शतकातल्या ग्रीक नोंदीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर म्हणून याचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून गुजरातेत भडोचच्या बंदराला जायचं. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरेंनी आयुष्यभर मणी, नाणी, मातीच्या मूर्ती गोळा केल्या, त्यातून ते संग्रहालय उभं राहिलं. इथं हस्तिदंताची एक बाहुली सापडली, तशीच पार इटलीत, ज्वालामुखीनं गाडलेल्या पॉम्पेई शहराच्या राखेत सापडलेली आहे. मुलीला हे आधी सांगू नका, तिथं गेल्यावर सांगा.

त्रिविक्रमाचं देऊळ चुकवू नका. विटांचं आहे, पाठीमागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह असावं असं जाणकार मानतात. पायऱ्यांचा ताप नाही.

वेळ उरला तर येडशीचं रामलिंग.

घाटातलं_वानर: रामलिंगला जाताय तर ऐका. देऊळ खाली ओढ्यात आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. जटायूसाठी रामानं बाण मारून पाणी काढलं ती हीच जागा, असं सांगतात. पावसात झाडी बघण्यासारखी असते. श्रावणी सोमवारी फिरकू नका. आणि डबा गाडीबाहेर काढूच नका, वानरं धपाटा चटणीसकट नेतात.

मूळ धागाकर्ती: जाऊन आलो! तेर. सगळ्यांचे आभार.

मुरूडच्या बाजारात एका ट्रॅक्टरमागं पंधरा मिनिटं अडकले, ओव्हरटेकचा धीर होईना. मागचे हॉर्न वाजवायलेत आणि सासूबाई म्हणतात, "वाजवू दे, त्यांच्या घरी कुणी वाट बघायलंय वाटतं." तिथं जीव भांड्यात पडला.

गोरोबाकाकांच्या समाधीवर त्या तासभर बसल्या. मुलगी बाहेर चपलांपाशी, फुगून. संग्रहालयात मात्र उलटं झालं. मातीच्या बाहुल्यांच्या कपाटासमोर दोघी एकदम थांबल्या. एका बाहुलीची केशरचना बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं, असा खोपा माझी आजी घालायची." मग तिथून दोघींना हलवणं माझ्याच्यानं होईना. त्रिविक्रमाच्या मागच्या गोल भिंतीला मुलगा हात लावून चालत गेला आणि "हत्ती संपला" म्हणाला.

रामलिंगला वरच थांबलो. काचा बंद करून धपाटे खाल्ले. बॉनेटवर एक वानर बसून आमच्याकडं बघत होतं. दही यावेळी नेलंच नव्हतं.

अणदूरकर, बोरीचा बांध भरून वाहायला लागला की इथंच कळवा. सासूबाईंचा निरोप आहे, "तुम्ही उतरा खाली, मी वर बसते पिशव्या घेऊन."