कोलमन वेगात कमी पडला नाही, पहिल्या बेसवर कमी पोचला

बेसबॉलपटू व्हिन्स कोलमनने सेंट लुईस संघाकडून सलग तीन हंगाम शंभरावर बेस चोरले, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पळून पुढचा बेस गाठला (१९८५ मध्ये ११०, मग १०७, १०९), तरी त्याला त्याच काळातला दुसरा नामी बेसचोर टिम रेन्स याच्या पंगतीत का बसवत नाहीत, असं विचारलंत. उत्तर पहिल्या बेसवरच आहे. चोरी करायला आधी तिथे पोचावं लागतं. १९८६ मध्ये कोलमनची फलंदाजी सरासरी होती फक्त .२३२. कारकिर्दीत बेसवर पोचण्याचं त्याचं प्रमाण .३२४, रेन्सचं .३८५. रेन्स वॉक (गोलंदाजाच्या चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा पहिला बेस) घ्यायचा, म्हणून त्याचा वेग जास्त वेळा कामाला आला.

चोरीच्या कौशल्यात मात्र कोलमन अस्सल होता: ७५२ यशस्वी, १७७ वेळा बाद, म्हणजे सुमारे ८१ टक्के. पकडलं गेल्याचं नुकसान एका चोरीच्या फायद्याच्या साधारण दुप्पट असतं, त्यामुळे यशाचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं तर न पळणंच बरं. १९८८-८९ मध्ये त्याने सलग ५० चोऱ्या साधल्या.

आणि १९८५ चा तो अपघात! प्लेऑफच्या (वर्ल्ड सिरीजआधीच्या बाद फेरीच्या) चौथ्या सामन्याआधी मैदान झाकणाऱ्या स्वयंचलित ताडपत्रीच्या रुळाखाली त्याचा डावा पाय सापडला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, हुकली, संघ सातव्या सामन्यात हरला. पुढे न्यूयॉर्क मेट्स संघाकडे गेल्यावर मांडीमागच्या स्नायूंनी छळलं. पायांवर जगणाऱ्या खेळाडूला ती दुखापत सगळ्यात महाग पडते.