चावी पाठवली म्हणजे सुटलो असं नाही
कुणीतरी लिहिलंय की २००९-१० मध्ये अमेरिकेत घराची किंमत कर्जाखाली गेली तेव्हा लोक बँकेला घराची चावी पाठवून कर्जातून मोकळे झाले. बातम्यांनी रंगवलं तसंच, पण राज्य कुठलं हे क्वचितच सांगितलं, आणि नियम तर राज्याप्रमाणे बदलतात. कॅलिफोर्नियात राहत्या घराच्या मूळ खरेदीकर्जावर लिलावानंतरची तूट, म्हणजे लिलावात कर्जापेक्षा जितके कमी पैसे आले तितकी रक्कम, बँकेला मागता येत नाही. तेव्हा रिफायनान्स केलं, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडलं, की हे कवच जायचं; मग तूट मागता येईल की नाही हे बँक लिलाव कोर्टातून करते की कोर्टाबाहेर, यावर ठरायचं. फ्लोरिडात मात्र बँक तुटीसाठी कर्जदारावर दावा करू शकते. शिवाय माफ झालेली रक्कम उत्पन्न धरून १०९९-सी हा कराचा फॉर्म येतो. त्या करातून २००७ च्या कायद्याने दिलेली सूट राहत्या घरापुरतीच होती. आणि कर्ज सोडणं वाईट, हे नीतीचे डोस फक्त घरमालकांना! टिशमन स्पायर या बड्या बांधकाम-मालमत्ता कंपनीने ५.४ अब्ज डॉलरचं स्टायव्हेसंट टाउन हे न्यूयॉर्कमधलं निवासी संकुल जानेवारी २०१० मध्ये सावकारांना सोडून दिलं, तो मात्र धंद्यातला हिशेब.