मदत हवी आहे: शब्द ओळखतात, पण बोलताना आठवत नाहीत

नमस्कार मंडळी, मी मोठ्या माणसांना दुसरी भाषा शिकवते. वाचताना शब्द लगेच ओळखतात, पण बोलायला उभं केलं की गाडी अडते. क्रियापदाचा काळ, प्रत्यय, उच्चार सगळं एकदम सांभाळताना वाक्याची सुरुवातच विसरतात. कार्यकारी स्मृतीत (म्हणजे काम करताना गोष्टी तात्पुरत्या लक्षात ठेवणाऱ्या स्मृतीत) एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं. वर्गात ते रोज दिसतं. म्हणून आता तयार वाक्यं पाठ करून घेते (घोकंपट्टी मला आवडत नाही, पण याने जीभ सैलावते) आणि उजळणी अंतराअंतराने ठेवते. तरी अडतंच. उजळणीत शब्द नुसते ओळखायला न लावता आठवून बोलायला कसे लावता? आणि चूक तिथेच दुरुस्त करता, की वाक्य पूर्ण होऊ देता?