सेप्सिसमधील दाह आणि वनस्पतिजन्य संयुगे

जिज्ञासू: कर्क्युमिन, रेस्वेराट्रॉल, क्वेर्सेटिन यांसारखी संयुगे एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा मार्ग रोखतात आणि सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे) झालेल्या उंदरांचा जीव वाचवतात, असे अनेक शोधनिबंधांत वाचले. मग अतिदक्षता विभागात ती अद्याप का वापरली जात नाहीत?

सूक्ष्मदर्शी: प्रयोगांची मांडणी बारकाईने पाहावी. बऱ्याचदा संयुग संसर्गाच्या आधी किंवा लगेच नंतर दिले जाते. रुग्ण मात्र अवयव निकामी होऊ लागल्यावर दाखल होतो. शिवाय अनेक प्रयोगांत जिवंत जिवाणूंऐवजी नुसते एंडोटॉक्सिन (काही जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक) टोचतात आणि ते सहन करण्याची उंदरांची क्षमता माणसापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. कर्क्युमिनचे तर आतड्यातून शोषणच अत्यल्प होते आणि जे शोषले जाते त्याचेही यकृतात झपाट्याने रूपांतर होते. काचपात्रात परिणाम दाखवणारी मात्रा रक्तात गाठणे म्हणूनच दुरापास्त ठरते.

औषधशास्त्र: माझ्या मते मूळ अडचण वनस्पतींची नाहीच. टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणाऱ्या प्रतिपिंडांनी १९९० च्या दशकात निराशा केली. टीएलआर-४ हा एंडोटॉक्सिन ओळखणारा पेशींवरील ग्राही रोखणारे एरिटोरान हे कृत्रिम औषधही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मृत्युदर कमी करू शकले नाही. सेप्सिसमध्ये दाह आणि प्रतिकारशक्तीचे दमन बरोबरीने चालू शकतात, त्यामुळे चुकीच्या वेळी दाह दाबल्यास संसर्गालाच मोकळे रान मिळते.

जिज्ञासू: शिरेतून दिल्यास शोषणाचा प्रश्न सुटेल का?

सूक्ष्मदर्शी: शोषणाचा सुटेल, विद्राव्यतेचा उरेल. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यासाठी लायपोसोमसारखे (मेदाच्या सूक्ष्म पिशव्या) वाहक वापरून पाहिले जात आहेत. तोवर वेळेत प्रतिजैविके, शिरेतून द्रव आणि रक्तदाब सांभाळणारी औषधे हाच उपचार.