मदत हवी आहे: वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी कशी पारखावी?

इलेक्ट्रिक गाड्या आता सर्रास दिसू लागल्याने वापरलेल्या गाड्याही विक्रीला येत आहेत आणि त्यांतलीच एक घेण्याचा माझा विचार आहे. बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. परंतु सतत फास्ट चार्जरवर लावलेली आणि रात्रभर सावकाश चार्ज केलेली बॅटरी बाहेरून सारखीच दिसते, आणि डॅशबोर्डवरील रेंज हा बराचसा आधीच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असल्याने त्यावर माझा भरवसा विक्रेत्याच्या शब्दाइतकाच, म्हणजे बेताचाच आहे.

ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्यासाठीच्या जोडणीला) स्कॅनर जोडून बॅटरीची उरलेली क्षमता कोणी प्रत्यक्ष तपासली आहे का? विशेषतः लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत, जिचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहते आणि त्यामुळे त्यावरून चार्ज किती उरला हे ओळखणे अवघड जाते, तो आकडा कितपत विश्वासार्ह ठरतो? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.