अल्झायमरवर झाडपाला: आधी चाचणी की आधी विश्वास?

शाहूपुरीकर: आपल्या कोल्हापुरात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विसर पडायला लागला, की पहिला सल्ला ब्राह्मीचा आणि दुसरा सांगलीच्या हळदीचा. झाडपाल्याशी माझं वैर नाही. डॉक्टर लिहून देतात ते गॅलँटामाइन मुळात झाडातलंच. १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी ते स्नोड्रॉप या फुलझाडातून वेगळं केलं. पुढं मात्रा ठरली, माणसांवर चाचण्या झाल्या, २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मान्यता मिळाली. हळदीतलं कर्क्युमिन मात्र परीक्षानळीत चमकतं आणि पोटातून रक्तात फारसं उतरतच नाही. गिंको या झाडाच्या पानांच्या अर्काची चाचणी तर तीन हजारांवर वृद्धांवर झाली. २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश टळत नाही. सिद्ध झालेलंच द्या.

राधानगरीचा भाऊ: ब्राह्मीवर एवढी मोठी चाचणी करायला पैसा कोण घालणार ओ? पिढ्यान् पिढ्या वापरात असलेल्या वनस्पतीतून कंपनीला काय मिळणार? चाचणी झाली नाही म्हणजे गुण नाही, असं होत नाही. आणि तुमची गोळी तरी रोग कुठं बरा करते? लक्षणं थोडा काळ सावरते, एवढंच. माझ्या आईला ब्राह्मी घृतानं झोप लागते. ती झोप आम्हाला लई मोलाची आहे.

शाहूपुरीकर: झोपेचं मान्य. पण झोप लागली म्हणजे अल्झायमर थांबला, असं गल्लीत सांगत फिरू नका. ते ऐकून लोक गोळ्या बंद करतात.

औषधदुकानवाली: दोघांनाही एक सांगते. गॅलँटामाइन मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, मोडणारं एन्झाइम अडवतं. प्रयोगशाळेत ब्राह्मीच्या अर्कातही तो गुण दिसलाय. म्हणजे दोन्ही एकत्र दिली, तर मळमळ, जुलाब, मंद नाडी हा त्रास वाढू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गिंको मनानं देऊ नका. घरात जे काही देताय ते डॉक्टरांना सांगा, काढासुद्धा.

राधानगरीचा भाऊ: ताई, आम्ही सांगितलं होतं. पुरतं ऐकून न घेताच आमच्यावर ओरडले. मग माणसं लपवूनच देणार की. इथल्या वैद्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ब्राह्मीची चाचणी घ्यावी, एवढंच मागणं आहे.

शाहूपुरीकर: त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण निम्म्या रुग्णांना औषध नसलेलं नुसतं तूप मिळेल. कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत कळणार नाही. आईला त्यात घालाल?

राधानगरीचा भाऊ: घालीन. फक्त घरचं घृत बंद करायला सांगू नका.

शाहूपुरीकर: ते बंद करावंच लागेल भाऊ. नाहीतर फरक कशानं पडला हे कुणालाच कळणार नाही.