शब्दचर्चा : देखरेख, पर्याय, संमती

प्रश्न (रामबाग, इंदूर)
प्रसूतिसेवेबाबतचे एक निवेदन आम्ही काही जणी मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्यांना देणार आहोत. हिंदी मसुदा तयार आहे, मराठी प्रत मात्र तीन शब्दांपाशी अडली आहे. खासगी प्रसूतिगृहांवर शासनाची ‘निगरानी’ असावी आणि बाळंतिणीला ‘विकल्प’ मिळावेत, म्हणजे कळा सुरू असताना जवळ कोण असेल, शस्त्रक्रिया कशासाठी करावी लागत आहे, हे तिला विचारून व सांगून ठरावे, अशा आमच्या मागण्या आहेत. येथे ‘देखरेख’ आणि ‘पर्याय’ चालतील का? ‘सहमति-पत्र’चे आम्ही ‘सहमतीपत्र’ केले आहे.

उत्तर १
‘देखरेख’ चालेल, परंतु ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रसूती झाली’ हे वाक्य आपल्या कानांत इतके बसले आहे की नुसते ‘प्रसूतीवर देखरेख हवी’ असे लिहिल्यास लक्ष बाळंतिणीवर ठेवायचे आहे असाच अर्थ लागेल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 साली मध्य प्रदेशासह नऊ राज्यांत जे काम सुरू झाले, त्याला महाराष्ट्रात ‘लोकाधारित देखरेख’ म्हणतात. त्या एका विशेषणामुळे पाहणारे कोण ते लगेच कळते. आपल्या राज्यात खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा व परवान्याचा 1973 चा कायदा आहे, तेव्हा ‘परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रसूतिगृहांची नियमित तपासणी करावी आणि सिझेरियनचे प्रमाण दर्शनी भागात लावण्यास सांगावे’ असे सरळ लिहावे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील खासगी रुग्णालयांतल्या 47.4 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के, हा फरक निवेदनात जरूर यावा.

‘विकल्प’ टाळलात हे बरे केले, कारण मराठीत मनात विकल्प येणे म्हणजे शंका येणे. (आणि हिंदीत ‘पर्याय’ म्हणजे समानार्थी शब्द, त्यामुळे दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचणारे इंदुरी वाचक गोंधळणारच.) माझ्या मते मागणीत ‘निवड’ असावी. पर्याय रुग्णालय पुढे ठेवते, निवड बाई करते, आणि आपला आग्रह या दुसऱ्या क्रियेसाठी आहे.

उत्तर २
ताई, प्रसूतिकक्षात मी पुष्कळ वर्षे परिचारिका होते, म्हणून तिसऱ्या शब्दाविषयी लिहिते. ‘सहमती’ चार जणांत होते. संमती एकटीची असते. सासूबाई, नवरा आणि डॉक्टर यांचे एकमत झाले की आपल्याकडे अर्ज भरला जातो, कळांनी बेजार झालेल्या बाईपुढे तो सहीपुरता येतो, आणि ‘कारण’ या शब्दापुढची ओळ कित्येकदा सहीनंतर भरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की सज्ञान रुग्ण थोड्या वेळाने शुद्धीवर येणार असेल आणि जिवावर बेतलेले नसेल, तर आईने दिलेली परवानगी तिच्या संमतीच्या जागी धरता येत नाही. तेव्हा ‘संमतीपत्र’ लिहावे आणि ‘माहितीपूर्ण’ हे विशेषण गाळू नये.

सोबत राहणाऱ्या व्यक्तीला ‘सोबतीण’ म्हणू नका. 2016 मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांत स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या नातलग स्त्रीला प्रसूतीच्या वेळी जवळ राहू देण्यास सांगितले, परंतु जेथे पुरेसा आडोसा असेल तेथे नवऱ्यालाही मुभा आहे. ‘सोबती’ म्हटले की दोघेही त्यात येतात.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. मराठी वाक्य आता असे केले आहे : ‘प्रसूतीच्या वेळी सोबती कोण असावा याची निवड गर्भवतीची असावी, आणि शस्त्रक्रियेपूर्वी तिचे कारण तिला समजेल अशा भाषेत सांगून, ते लिहून, मगच तिची संमती घ्यावी.’ हिंदी प्रतीतली ‘सहमति’ तशीच ठेवते, तिकडे तो शब्द रूढच आहे.